छायाचित्र पत्रकारिता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छायाचित्र पत्रकारिता म्हणजे नेमके काय?

घडलेल्या घटनेची बातमी छायाचित्रातून देणे, आणि ते छायाचित्र खरे असल्याची जबाबदारी स्वतःच्या नावावर घेणे, म्हणजे छायाचित्र पत्रकारिता. या व्याख्येचा दुसरा भाग बहुतेक वेळा गाळला जातो आणि 'क्षण टिपणे' एवढेच सांगितले जाते. क्षण तर लग्नातला छायाचित्रकारही टिपतो, आणि पुष्कळदा वृत्तपत्राच्या छायाचित्रकारापेक्षा देखणा टिपतो. पण हार घालण्याचा क्षण हुकला, तर तो वधूवरांना पुन्हा एकदा हार घालायला सांगू शकतो; वृत्तछायाचित्रकाराला ती मुभा नाही. त्याच्यासमोर जे घडले तेच, जसे घडले तसे, तारीख आणि ठिकाणासह त्याला द्यावे लागते. न्यायालयात साक्षीदार आपल्या जबानीला बांधलेला असतो, तसा हा आपल्या छायाचित्राला बांधलेला असतो. मराठी वृत्तपत्रांत छायाचित्राखाली 'छाया :' असे लिहून पुढे जे नाव छापतात, ते त्या साक्षीदाराचे नाव होय.

मग एखाद्याने घटनास्थळी मोबाइलवर काढलेला फोटो या व्याख्येत बसतो का?

बसू शकतो, साधनावरून हे ठरत नाही. रस्त्याने जाणाऱ्या माणसाने काढलेला फोटो कोणी, कुठे आणि केव्हा काढला, त्याच्या आधी आणि नंतर काय घडले, हे विचारून, पडताळून आणि त्याची हमी घेऊन एखाद्या वृत्तपत्राने तो छापला, तर ती पत्रकारिताच झाली. हे काहीही न विचारता तोच फोटो गटागटांतून फिरत राहिला, तर तो कितीही खरा असला तरी निनावी पत्रासारखा असतो. उलट, गळ्यात ओळखपत्र आणि हातात लाखाचा कॅमेरा असलेल्या माणसाने चुकीची माहिती जोडून फोटो दिला, तर त्याच्या लेन्सची किंमत त्या फोटोला खरेपणा देत नाही.

या पत्रकारितेची सुरुवात कधी झाली?

छायाचित्रणाची पद्धत पॅरिसमध्ये १८३९ साली जाहीर झाली, पण छायाचित्र थेट वर्तमानपत्राच्या पानावर छापता येण्यासाठी आणखी चाळीस वर्षे जावी लागली. मधल्या काळात छायाचित्रावरून लाकडी ठसा कोरून घेत आणि तो छापत, म्हणजे वाचकापर्यंत पोहोचायचे ते कोरणाऱ्याच्या हाताचे चित्र. करड्या छटा बारीक ठिपक्यांत फोडणाऱ्या हाफटोन तंत्राने ही अडचण दूर केली. ४ मार्च १८८० रोजी न्यूयॉर्कच्या 'डेली ग्राफिक'मध्ये झोपडवस्तीचे छायाचित्र या तंत्राने छापले गेले, आणि तोच वृत्तपत्रीय छायाचित्राचा आरंभ मानला जातो. पुढे १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने छायाचित्रकाराला तिकाटण्यापासून मोकळे केले आणि गर्दीत शिरणे त्याला शक्य झाले.

मात्र साक्षीचा प्रश्न या सगळ्याच्या आधीचा आहे, आणि तो आपल्याच भूमीवर उभा राहिला. फेलिस बिआतो हा छायाचित्रकार १८५८ मध्ये लखनौला पोहोचला. १८५७ च्या उठावात तिथल्या सिकंदर बागेत झालेल्या कत्तलीला तोवर काही महिने होऊन गेले होते. त्याच्या प्रसिद्ध छायाचित्रात उद्ध्वस्त इमारतीपुढच्या अंगणात सांगाडे विखुरलेले दिसतात. पण छायाचित्रासाठी ते सांगाडे पुन्हा उघड्यावर आणले गेले होते, असे त्या काळच्या आठवणींत नोंदलेले आहे. कत्तल खरी, इमारत खरी, हाडेही खरी, आणि तरीही ते दृश्य मांडलेले. खऱ्या गोष्टी जुळवून खोटी साक्ष कशी उभी राहते, याचे याहून जुने भारतीय उदाहरण मला ठाऊक नाही.

१८९६-९७ च्या प्लेगच्या साथीत मुंबईत काढलेल्या छायाचित्रांबद्दलही अनेक जण विचारतात. इस्पितळे, तपासणी पथके आणि घरांची धुलाई दाखवणारी ती छायाचित्रे इतिहासाच्या दृष्टीने अमोल आहेत, पण ती सरकारी कामाची नोंद म्हणून काढलेली होती. घराबाहेर काढलेल्या कुटुंबाला त्या पथकाविषयी काय वाटत होते, हे टिपण्यासाठी तिथे कोणी कॅमेरा लावलेला नव्हता. दस्तऐवज आणि पत्रकारिता यांतला फरक इथे नीट दिसतो.

भारतात हा व्यवसाय कोणी घडवला?

एकाच नावावर हे श्रेय टाकता येणार नाही, पण दोन नावांशी थांबावे लागते. त्यांतले पहिले होमाई व्यारावाला यांचे. १९१३ मध्ये नवसारीत जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई या भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. त्यांची सुरुवातीची छायाचित्रे पती माणेकशा यांच्या नावाने छापली जात, कारण बाईने काढलेली छायाचित्रे संपादक गांभीर्याने घेतील याची खात्री नव्हती. साक्षीदार एक आणि सही दुसऱ्याची, असा तो प्रकार होता. पुढे त्यांनी 'डालडा १३' हे टोपणनाव घेतले. १९४२ मध्ये त्या दिल्लीला गेल्या आणि सत्तांतर, माउंटबॅटन यांची पाठवणी, गांधीजींची अंत्ययात्रा आणि नेहरूंची असंख्य रूपे त्यांच्या कॅमेऱ्यातून देशापुढे आली. नव्या पिढीच्या छायाचित्रकारांचे वर्तन पटेना म्हणून १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला, तो कायमचाच. पद्मविभूषण मिळायला मात्र २०११ साल उजाडले.

दुसरे नाव सुनील जाना यांचे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात त्यांनी काढलेली छायाचित्रे कम्युनिस्ट पक्षाच्या मुंबईहून निघणाऱ्या 'पीपल्स वॉर' या पत्रात छापली गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या 'स्टेट्समन'ने रस्त्यावर मरणाऱ्या माणसांची छायाचित्रे छापली, तीही युद्धकाळातले निर्बंध लागू असताना. त्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे मेली असा अंदाज आहे, आणि सरकारने दुष्काळ कधी औपचारिकपणे जाहीरही केला नाही. जे सरकारी कागदावर नव्हते, ते वर्तमानपत्राच्या कागदावर आले. ही या पत्रकारितेची किंमत.

एखाद्या छायाचित्राने खरोखर काही बदलते का?

हा प्रश्न शंकेखोर वाटला तरी रास्त आहे, कारण 'एका छायाचित्राने जग हलवले' अशी वाक्ये फार सैलपणे वापरली जातात. महाराष्ट्रातली दोन उदाहरणे पाहिली तर उत्तर अधिक नेमके देता येईल.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू झाला, तेव्हा 'मुंबई मिरर'चे छायाचित्र संपादक सेबॅस्टियन डिसोझा समोरच्याच इमारतीतल्या कार्यालयातून कॅमेरे घेऊन स्थानकात धावले. फलाटावर उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीच्या डब्याचा आडोसा घेऊन त्यांनी हल्लेखोरांची छायाचित्रे काढली. हातात रायफल आणि पाठीवर पिशवी घेतलेल्या अजमल कसाबचे जे छायाचित्र जगभर छापले गेले, ते त्यांतलेच. 'टाइम्स ऑफ इंडिया'चे श्रीराम वेर्णेकर हेही त्या रात्री तिथे होते. स्थानकात ५०हून अधिक माणसे मारली गेली. पुढे खटला उभा राहिला तेव्हा या दोघांनी न्यायालयात शपथेवर साक्ष दिली. फ्रेम कुठून घेतली, कोण कुठे उभा होता, त्या आधी काय पाहिले, हे सांगितले. २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच्या जिवाची पर्वा न करता हल्लेखोरांच्या मागावर राहिलेल्या या दोघांच्या व्यावसायिक निष्ठेची मुद्दाम नोंद घेतली. त्याच निकालात न्यायालयाने दूरचित्रवाणी वाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले, कारण त्यामुळे सुरक्षा दलांच्या हालचाली उघड होत होत्या. कॅमेरे दोन्हीकडे होते आणि धोकाही दोन्हीकडे होता. आपण काय दाखवतो आहोत आणि त्याने काय होईल याचा विचार मात्र एकाच बाजूला होता.

दुसरे उदाहरण मार्च २०१८ मधले. किसान सभेचा मोर्चा ६ मार्चला नाशिकहून निघाला आणि सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईत पोहोचला. कसारा घाट उतरणारी लाल टोप्यांची रांग आधी वर्तमानपत्रांत दिसली, पण शहराच्या काळजाला हात घातला तो पावलांच्या छायाचित्रांनी. तुटलेल्या चपला, फोड आलेले तळवे, सोलवटलेल्या टाचा यांवर वनहक्काच्या मागणीचा एक शब्दही लिहिलेला नव्हता. वनजमिनीचे दावे आणि कर्जमाफीच्या अटी यांविषयी त्या आधी वर्षानुवर्षे लिहिले गेले होते आणि ते वाचणारे थोडेच होते. दहावीच्या परीक्षेला निघालेल्या मुलांची अडचण होऊ नये म्हणून मोर्चेकरी ११ मार्चच्या रात्रीच सोमय्या मैदानातून आझाद मैदानाकडे निघाले, आणि वाटेत मुंबईकरांनी त्यांना पाणी, खाणे आणि चपला दिल्या. १२ मार्चला सरकारने लेखी आश्वासने दिली. ती छायाचित्रांमुळे दिली असे म्हणणे मोर्चेकऱ्यांच्या संघटनेवर अन्याय करणारे ठरेल. छायाचित्रांनी एवढेच केले, की शहराला 'आम्हांला ठाऊक नव्हते' असे म्हणण्याची सोय ठेवली नाही.

आणि कधी कधी छायाचित्राने काहीही बदलत नाही. भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री झालेल्या वायुगळतीनंतर दफन होत असलेल्या एका बालकाचे छायाचित्र रघू राय यांनी कृष्णधवलात आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत काढले; रंगीत छायाचित्राला त्या वर्षीचा 'वर्ल्ड प्रेस फोटो'चा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. भोपाळच्या वाचलेल्यांची नुकसानभरपाईची लढाई त्यानंतरही कित्येक दशके चालूच राहिली.

फोटोओळीला एवढे महत्त्व का देतात?

कारण फोटोओळीवाचून छायाचित्र मुके असते, आणि मुक्याच्या तोंडी कोणीही काहीही घालू शकतो. पुराच्या पाण्यातून होडीने निघालेले कुटुंब सांगलीचे आहे की बिहारचे, हे फ्रेममधून नेहमी कळत नाही. चांगल्या फोटोओळीत कोण, काय, कुठे आणि केव्हा हे असते, आणि चित्रात जे आधीच दिसते त्याची पुनरुक्ती नसते. 'पावसाचा आनंद लुटताना तरुणाई' ही ओळ दर जूनमध्ये कुठल्याही छायाचित्राखाली चालते. तेवढ्यावरूनच ती निरुपयोगी आहे हे समजावे. जुने छायाचित्र वापरले असेल तर 'संग्रहित छायाचित्र' असे छापणे हा शिष्टाचार नसून बातमीचाच भाग आहे.

आणि छायाचित्रकाराचे नाव? त्याने काय फरक पडतो?

८ जून १९७२ रोजी व्हिएतनाममधल्या त्रांग बांग गावाजवळ नापाम या अंगाला चिकटून जळणाऱ्या इंधनाच्या बॉम्बने भाजलेली, धावत येणारी मुलगी दाखवणारे छायाचित्र सर्वांना माहीत आहे. पन्नास वर्षे ते असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या निक उट यांच्या नावावर होते आणि त्यासाठी त्यांना पुलित्झर हे अमेरिकेतले मानाचे पत्रकारिता पारितोषिकही मिळाले. ते एका स्थानिक हंगामी छायाचित्रकाराने काढले होते असा दावा पुढे आला, तेव्हा 'वर्ल्ड प्रेस फोटो' संस्थेने मे २०२५ मध्ये त्या छायाचित्रावरचे श्रेयनाम स्थगित केले. असोसिएटेड प्रेसने मात्र नाव बदलण्याइतका निर्णायक पुरावा नाही असे सांगून ते कायम ठेवले. छायाचित्रातल्या घटनेबद्दल कोणाचाच वाद नाही. तरीही निगेटिव्ह, कॅमेऱ्याची बनावट, कोण रस्त्याच्या कुठल्या बाजूला उभा होता, यांचा महिनोन्‌महिने तपास झाला. साक्षीदार कोण हे इतके महत्त्वाचे मानणारा हा व्यवसाय आपल्याकडे मात्र गावोगावच्या छायाचित्रकारांची नावे जागेअभावी सर्रास उडवतो.

छायाचित्रात कितपत दुरुस्ती चालते?

पूर्वी डार्करूममध्ये जे चालत असे, तेवढे आजही साधारणपणे चालते : कडा कापणे, उजेड-अंधार किंचित सावरणे, रंगाचा तोल साधणे, लेन्सवरच्या धुळीचा ठिपका काढणे. फ्रेममध्ये नसलेले काही घालणे आणि असलेले काही पुसणे चालत नाही. मधे येणारी विजेची तारही पुसायची नसते. ती तिथे होती.

हे सोवळे वाटेल, पण त्यामागे अनुभव आहे. ऑगस्ट २००६ मध्ये बैरूतवरच्या हल्ल्यानंतरच्या धुराचा लोट संगणकावर वाढवून दाखवल्याचे उघड झाले, तेव्हा रॉयटर्स या वृत्तसंस्थेने त्या हंगामी छायाचित्रकाराची ९२० छायाचित्रे आपल्या संग्रहातून काढून टाकली. धूर खरोखरच होता, तो थोडा जास्त दाखवला एवढेच. पण एका फ्रेममध्ये साक्ष फिरवणाऱ्याच्या उरलेल्या फ्रेम्सवर कोण विश्वास ठेवणार? २०१५ च्या 'वर्ल्ड प्रेस फोटो' स्पर्धेत अंतिम फेरीच्या आधीच्या फेरीत पोहोचलेल्यांपैकी सुमारे २० टक्के छायाचित्रे अशाच फेरफारासाठी बाद झाली होती.

'साहेब, इकडे बघा' असे सांगून काढलेला फोटो कशात मोडतो?

उद्घाटन, सत्कार, वृक्षारोपण आणि धनादेशाचे वाटप यांची छायाचित्रे कॅमेऱ्यासाठीच घडतात आणि वाचकालाही ते कळते. त्यात फसवणूक नाही, फक्त कंटाळा आहे. फसवणूक होते ती घडून गेलेला प्रसंग पुन्हा घडवून तो मूळचा म्हणून दिला तर. विझलेल्या टायरला पुन्हा काडी लावायला सांगणारे आंदोलनाच्या ठिकाणी सापडतात, आणि ती काडी लावणारेही सापडतात. व्यक्तिचित्रासाठी माणसाला खिडकीजवळ बसवणे मात्र पूर्णपणे मान्य आहे, कारण तिथे बसवले आहे हे लपवलेले नसते.

समोर माणूस संकटात असताना फोटो काढायचा की मदत करायची?

शिकणाऱ्या प्रत्येक तुकडीत हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो आणि त्यासोबत केविन कार्टर यांचे नाव येते. मार्च १९९३ मध्ये दुष्काळग्रस्त सुदानमध्ये त्यांनी जमिनीवर कोसळलेले बालक आणि मागे बसलेले गिधाड यांचे छायाचित्र काढले. त्याला १९९४ चे पुलित्झर मिळाले, 'तुम्ही त्या बालकासाठी काय केलेत?' हा प्रश्न जगभरातून आला, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये कार्टर यांनी आत्महत्या केली. ही कथा सांगताना बहुतेक जण पुरस्कार आणि आत्महत्या यांचा थेट धागा जोडून मोकळे होतात. तो माणूस त्याआधीची कित्येक वर्षे दक्षिण आफ्रिकेतल्या हिंसाचारात रोज मृत्यू पाहत काम करत होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

व्यवहारातले उत्तर असे, की मदत करणारे तुम्ही एकटेच असाल तर कॅमेरा खाली ठेवायचा. डॉक्टर, अग्निशमन दल, स्वयंसेवक आपले काम करत असतील तर तुम्ही तुमचे करायचे, आणि त्यांच्या वाटेत यायचे नाही. निक उट यांनी त्या भाजलेल्या मुलीला आणि इतर मुलांना गाडीत घालून रुग्णालयात पोहोचवले होते. यांतले एक केले की दुसरे करता येत नाही असे दर वेळी नसते. पण क्रम चुकला तर तो दुरुस्त करता येत नाही.

मृतदेह, जखमी, लहान मुले यांची छायाचित्रे छापण्यावर काही बंधन आहे का?

काही बंधने कायद्याची आहेत. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार चौकशीत किंवा न्यायप्रक्रियेत असलेल्या मुलाची ओळख पटेल असे छायाचित्र, नाव, शाळा वा पत्ता प्रसिद्ध करता येत नाही. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पोक्सो कायदा लैंगिक अत्याचार झालेल्या मुलांना, आणि भारतीय न्याय संहिता बलात्कारपीडितेला, असेच संरक्षण देते. चेहरा धूसर केला म्हणजे काम भागले असे समजू नये. घराचे दार, गल्लीतला फलक, गणवेशाचा रंग यांवरून छोट्या गावात ओळख पटायला वेळ लागत नाही.

बाकीचा भाग विवेकाचा आहे. अपघातातला मृतदेह पहिल्या पानावर छापण्यापूर्वी एक प्रश्न पुरतो : घरच्यांना बातमी कळली आहे का? दूरदेशीच्या मृतांचे चेहरे आपण बिनदिक्कत छापतो आणि आपल्या जिल्ह्यातले छापताना थबकतो, हाही भेद प्रत्येक संपादकाने एकदा स्वतःशी तपासावा.

रस्त्यावर कोणाचा फोटो काढायला परवानगी लागते का?

सार्वजनिक जागी घडणाऱ्या घटनेचे छायाचित्र वार्तांकनासाठी काढायला सर्वसाधारणपणे लागत नाही. संरक्षणविषयक प्रतिबंधित ठिकाणे आणि न्यायालयाचे दालन यांचे नियम वेगळे आहेत. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे, त्यामुळे कोणाच्या घरात, आजारपणात किंवा शोकात शिरताना विचारणे योग्य, आणि 'नको' म्हटले तर निघून येणे योग्य.

छायाचित्रावर हक्क कोणाचा?

स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ च्या कलम १७ मध्ये याचे उत्तर आहे, आणि ते पुष्कळ नोकरदार छायाचित्रकारांनाच माहीत नसते. वृत्तपत्र किंवा नियतकालिकाच्या नोकरीत असताना काढलेल्या छायाचित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, वृत्तपत्रीय प्रसिद्धीपुरता मालकाचा असतो. बाकी सर्व बाबतींत तो छायाचित्रकाराकडे राहतो. मोबदला देऊन कोणी तुमच्याकडून छायाचित्र काढून घेतले, तर उलट करार नसल्यास पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा. स्वतःहून काढून नंतर विकलेल्या छायाचित्राचा हक्क तुमचा, म्हणून पावतीवर कशासाठी आणि किती वेळा वापरायला दिले ते लिहून घ्यावे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर या हक्काची मुदत छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे अशी आहे. समाजमाध्यमावर दिसले म्हणजे ते फुकट वापरता येते, ही समजूत सरळ चूक आहे. 'सौजन्य : इंटरनेट' हे तर कोणाचेच नाव नव्हे.

या कामात धोका किती?

लेख लिहिणारा दुसऱ्या दिवशी फोनवर माहिती घेऊ शकतो, छायाचित्रकाराला तिथेच असावे लागते. धोका या एका कारणाने वाढतो. कारकिर्दीची काही वर्षे मुंबईत काम केलेले रॉयटर्सचे दानिश सिद्दिकी रोहिंग्या निर्वासितांच्या छायाचित्रांसाठी २०१८ च्या पुलित्झरविजेत्या चमूत होते. १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात स्पिन बोल्दाक येथे ते मारले गेले, आणि कोविडकाळातल्या भारताच्या छायाचित्रांसाठी २०२२ मध्ये त्यांना सहकाऱ्यांसह मरणोत्तर दुसरे पुलित्झर मिळाले.

रणांगणापर्यंत जाण्याचीही गरज नसते. वाळूउपशाचे डंपर, अनधिकृत बांधकामावरची कारवाई, गावातली दंगल, एवढे पुरते. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये प्रसारमाध्यमांतील व्यक्तींवरील हिंसाचार रोखणारा कायदा संमत केला. त्यात वृत्तछायाचित्रकाराचा समावेश असून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मात्र तालुक्याच्या ठिकाणी दर छायाचित्रामागे पैसे मिळणाऱ्याकडे पुष्कळदा ओळखपत्रही नसते, आणि फुटलेला कॅमेरा त्याला स्वतःच्या खिशातून दुरुस्त करून घ्यावा लागतो.

रोजच्या बातमीपलीकडे हे काम असते का?

असते, आणि माझ्या मते त्यात अधिक चिवटपणा लागतो. मुंबईच्या सफाई कामगारांवर छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी केलेले काम पाहावे. गटारात उतरणारे, कचऱ्याच्या गाड्यांवर काम करणारे आणि घरी परतल्यावरही त्या वासातून न सुटणारे हे कामगार शहराला रोज दिसत होते, तरी त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हते. ओलवे यांनी ते काम वर्षानुवर्षे पुढे नेले; २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पत्रकार पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहातही छायाचित्राला मजकुराइतकेच स्थान आहे, आणि त्यातले पुष्कळसे मराठीतही वाचता येते.

कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्रांमुळे हे सगळे संपणार का?

चित्र म्हणून पाहिले तर फरक ओळखणे दिवसेंदिवस कठीण होत जाणार, यात शंका नाही. पण वर म्हटल्याप्रमाणे वृत्तछायाचित्राचे वजन चित्रात कमी आणि साक्षीत जास्त असते, आणि यंत्र कुठल्याही घटनास्थळी उपस्थित नव्हते. मार्च २०२४ मध्ये ब्रिटिश राजघराण्याने दिलेल्या एका कौटुंबिक छायाचित्रात मुलीच्या बाहीची कड नीट जुळत नाही हे लक्षात आल्यावर मोठ्या वृत्तसंस्थांनी ते मागे घेण्याची सूचना काही तासांत जगभर पाठवली. राजवाड्याकडून आले एवढ्यावरून ते खरे मानले गेले नाही. कॅमेऱ्यातच फ्रेमवर डिजिटल सही उमटवण्याची सोयही आता होऊ लागली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये लायकाने असा पहिला कॅमेरा बाजारात आणला. सहीमुळे फाइल मूळ आहे एवढे कळते. फ्रेमच्या बाहेर काय चालले होते ते छायाचित्रकारालाच विचारावे लागणार.

हे काम शिकायचे असेल तर सुरुवात कशी करावी?

महागडा कॅमेरा घेण्याआधी आपल्या गावातला एकच विषय घ्या, म्हणजे आठवडी बाजार, साखर कारखान्यावरचा ऊसतोड कामगारांचा तळ किंवा एसटीचे आगार, आणि तिथे किमान दोन महिने जात राहा. प्रत्येक छायाचित्राची ओळ त्याच दिवशी लिहा आणि माणसांची नावे विचारून त्यांच्याकडूनच तपासून घ्या. नाव विचारायला धजत नसाल, तर अजून छायाचित्रही काढू नका. तंत्र सहा महिन्यांत येते.

घरात वडिलांचे किंवा आजोबांचे जुने निगेटिव्ह आहेत. त्यांचे काय करावे?

हा प्रश्न जिल्ह्याजिल्ह्यांतून येतो, कारण १९६० ते १९९० या काळात वृत्तपत्रांना छायाचित्रे पुरवणाऱ्या अनेकांचे स्टुडिओ आता बंद झाले आहेत आणि पेट्या माळ्यावर आहेत. होमाई व्यारावाला यांचा संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे सुरक्षित आहे. तसे भाग्य सर्वांच्या वाट्याला येत नाही. कोकणातल्या आणि मुंबईतल्या दमट हवेत निगेटिव्हला बुरशी लवकर लागते, म्हणून प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून काढून ती आम्लरहित कागदी पाकिटांत, कोरड्या आणि थंड कपाटात ठेवावीत. हात लावताना सुती हातमोजे वापरावेत आणि पट्टी कडेने धरावी. स्कॅन केले तरी मूळ निगेटिव्ह टाकू नये. छायाचित्रकार हयात असतील तर कपाट आवरण्याच्या आधी त्यांच्याशेजारी बसून एकेक पट्टी उजेडावर धरावी आणि हा मोर्चा कुठला, ही बाई कोण, साल कोणते, हे पाकिटावर पेन्सिलीने लिहून घ्यावे.